ग्रामपंचायतीचा खर्च तपासायची रीत

समजा, गावात सांडपाण्याचं गटार बांधायचं आहे. पैसे आहेत का, हे नंतर. कोणत्या निधीतले, हे आधी विचारा. निम्मे घोळ इथेच होतात.

1. काम पंचायतीच्या अखत्यारीत येतं का ते बघा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 45 सोबतची ग्रामसूची त्यासाठीच आहे. रस्ते, दिवाबत्ती, गटारं, पिण्याचं पाणी हे सगळं तिच्यात आहे.

2. आता निधी. घरपट्टी वगैरे गावची कमाई ग्रामनिधीत जाते. तिच्यातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. हे पैसे कुणाच्या मर्जीचे नाहीत, हक्काचे आहेत. वर्षअखेरीस ते पडून राहिले तर ग्रामसभेत जाब विचाराच. दुसरा निधी वित्त आयोगाचा. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-22 ते 2025-26 साठी त्यातला 60 टक्के निधी बंधित ठेवला: तो पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा. उरलेला 40 टक्के अबंधित, तरी त्यातून पगार आणि आस्थापना खर्च भागवता येत नाही. म्हणजे आपलं गटार बंधित निधीत बसतं, चौकातला दिवा बसत नाही. 1 एप्रिल 2026 पासून सोळाव्या आयोगाचा कालावधी सुरू होतो. त्याच्या सूचना वेगळ्या मागून घ्या.

3. काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात आहे का, ग्रामसभेने आराखडा मंजूर केला का, हे ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर आणि इतिवृत्तात ताडून बघा.

4. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता आणि मासिक सभेचा ठराव मागा. तारखाही वाचा. काम आधी आणि ठराव नंतर असेल, तर तिथेच थांबून विचारा.

5. बिल निघाल्यावर रोकडवही (नमुना 5), प्रमाणक आणि मोजमाप पुस्तिका शेजारी शेजारी ठेवा. मग टेप घेऊन गटारावर जा. पुस्तिकेतली लांबी, रुंदी, खोली जागेवर मोजा. दोघा-तिघांना सोबत घ्या. कागदावरचं गटार कितीही लांब असू शकतं.

6. कागद दाखवत नसतील, तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. एका अर्जात एकच विषय ठेवा, आर्थिक वर्ष आणि कामाचं नाव नीट लिहा. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क लागत नाही. अर्जासोबत दाखल्याची प्रत तेवढी जोडा.