आशेने की आशाने?

प्रश्न : इंग्रजीत विशेषनामाचे पहिले अक्षर मोठे असते. मराठीत तशी सोय नाही. मग आशा ही मुलगी की मनातली आशा, हे वाचणाऱ्याला कळावे कसे?

उत्तर : बरेचसे काम सामान्यरूप करते. भाववाचक आशा प्रत्यय लागताच बदलते : आशेने, आशेवर. मुलीचे नाव हल्ली तसेच राहते : आशाने, आशाला. ‘प्रतिभेला बहर आला’, पण ‘प्रतिभाला ताप आला’. पुरुषांच्या नावांत तर एका कान्याचा फरक : ‘विजयाचा आनंद’ सर्वांचा, ‘विजयचा आनंद’ त्या विजयचा.

जुन्या नावांना मात्र हे लावू नका. सीतेने, रामाने, गंगेत हीच रूपे रुळलेली आहेत. पण शेजारच्या सीताबद्दल ‘सीतेने’ म्हटले तर रामायणच आठवेल! अनेक गावांची नावेही प्रत्यय लागताना बदलतात; ‘पुणेला’ कानाला खुपते.

प्रत्यय नसेल तिथे पंचाईत. ‘अखेर आशा सुटली’ यात निराशा झाली की आशा तुरुंगातून बाहेर आली? अशा वेळी अवतरणचिन्हे नकोत, ती उपरोधिक वाटतात. आडनाव जोडा, नाहीतर सरळ वाक्य बदला.