उभ्या वाहनाची बॅटरी का उतरते?

सेनगाव हा हिंगोली जिल्ह्यातील शेतीप्रधान तालुका. सोयाबीन, तूर व हळद ही येथील प्रमुख पिके. दोन हंगामांच्या मधल्या काळात ट्रॅक्टर आठवडाआठवडा छपराखाली उभा असतो. तो एखाद्या सकाळी सुरू झाला नाही, तर चार माणसे लावून ढकलता येतो. आरोग्य केंद्राच्या रुग्णवाहिकेची गोष्ट निराळी. मध्यरात्री अडलेल्या बाळंतिणीस हिंगोलीस न्यावयाचे असताना सेल्फ फिरला नाही, तर वाया गेलेली घटका भरून काढता येत नाही.

अशा प्रसंगानंतर बहुधा नवी बॅटरी खरेदी केली जाते आणि थोड्याच दिवसांत तीही उतरते. याचे कारण असे की दोष पुष्कळदा बॅटरीत नसून, वाहन बंद असतानाही तिच्यातून चोरपावलांनी वाहणाऱ्या विद्युत्प्रवाहात असतो. थोडा प्रवाह तर प्रत्येक आधुनिक वाहनात वाहतोच. घड्याळ, कुलूपयंत्रणा, इंजिनाचे नियंत्रक यांना तो लागतो. साधारणपणे ५० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह चिंतेचा नसतो. परंतु तो अर्धा अँपिअर झाला, तर दिवसाला १२ अँपिअर-तास खर्ची पडतात आणि ६० अँपिअर-तासांची बॅटरी पाच दिवसांत रिकामी होते. सेल्फ त्याच्या आधीच नकार देतो. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली, तर तिच्या पत्र्यांवर सल्फेटचे कठीण थर बसतात व तिचे आयुष्य घटते.

तपासणीपूर्वी बॅटरी पूर्ण भारित करून काही तास विश्रांत ठेवावी. चांगल्या स्थितीतील बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते; १२.२ म्हणजे ती जवळजवळ निम्मी उतरलेली असते. झाकणावरील आम्लयुक्त ओल व धूळ खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून घ्यावी, कारण त्या थरातूनही थोडा प्रवाह झिरपतो.

नंतर किल्ली काढून, दारे मिटून, ऋण टोकाची केबल सोडवावी आणि टोक व केबल यांच्यामध्ये मीटर दहा अँपिअरच्या पट्टीवर जोडावा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नये. मीटर निकामी होतो. आरंभी आकडा मोठा दिसेल. नियंत्रक निद्रिस्त होण्यास कधी अर्धा तास, कधी त्याहून अधिक वेळ लागतो. उतावीळपणे काढलेला निष्कर्ष येथेच चुकतो.

आकडा स्थिरावूनही मोठाच राहिला, तर एकेक फ्यूज काढीत जावे. ज्या फ्यूजबरोबर आकडा खाली येतो, त्या मार्गावर दोष असतो. नव्या वाहनांत फ्यूज परत बसविताना झोपलेली यंत्रणा जागी होते. म्हणून फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या माथ्यावरील दोन उघड्या टोकांमध्ये मिलिव्होल्ट मोजणे अधिक बरे. तेथे शून्य आल्यास त्या वाटेने प्रवाह वाहत नाही असे समजावे.

सर्व फ्यूज काढूनही प्रवाह थांबत नसेल, तर संशय आल्टरनेटरवर घ्यावा. त्याची जाड वायर सहसा फ्यूजपेटीतून जात नाही आणि आतील डायोड बिघडल्यास प्रवाह उलट वाहू लागतो. ऋण केबल सोडवून ती वायर वेगळी करावी, तिच्या टोकास टेप गुंडाळावी व पुन्हा मोजावे. डायनॅमो असलेल्या जुन्या ट्रॅक्टरमध्ये हाच उपद्रव कटआउटचे चिकटलेले पॉइंट देतात.

अनुभवी कारागीर मात्र प्रथम मागाहून जोडलेल्या वस्तूंकडे पाहतो, आणि ते योग्यच आहे. ट्रॅक्टरवरील टेप, रुग्णवाहिकेतील जादा दिवे, भोंगा, इन्व्हर्टर, स्थानदर्शक यंत्र यांच्या वायरी अनेकदा थेट बॅटरीवरून घेतलेल्या असतात. किल्ली बंद केल्याने त्या बंद होत नाहीत. दार नीट न मिटल्याने जळत राहिलेला पाच वॉटचा दिवादेखील चोवीस तासांत सुमारे दहा अँपिअर-तास खातो.

दुरुस्तीनंतर प्रवाहाचा आकडा पुन्हा घेऊन तो तारखेसह वाहनाच्या लॉगबुकात नोंदवावा. नव्या बॅटरीच्या मागणीपत्रासोबत ही नोंद मागविण्यास कार्यालयास काहीच खर्च येत नाही.