दूरस्थ प्रवेश-सर्व्हर आणि पत्त्यांच्या वाटपातील दोष

कार्यालयापासून दूर असलेल्या संगणकाला कार्यालयाच्या जाळ्यात प्रवेश देणारे यंत्र म्हणजे दूरस्थ प्रवेश-सर्व्हर होय. पूर्वी हा प्रवेश टेलिफोनच्या तारेवरून, मोडेमच्या साहाय्याने होत असे. आज तो बहुधा इंटरनेटवरून, व्हीपीएन या संरक्षित मार्गाने होतो. मार्ग कोणताही असो, आत येणाऱ्या प्रत्येक संगणकाला एक आयपी पत्ता द्यावाच लागतो. कारण पत्ता नसेल तर उत्तर कोठे पाठवावयाचे हे जाळ्याला कळणार नाही. हे वाटप आपोआप व्हावे अशी योजना असते. ती कोठे बिघडते व बिघाड कसा शोधावा, याचा विचार या पाठात केला आहे. उदाहरणासाठी विंडोज सर्व्हरमधील ‘राऊटिंग अँड रिमोट ॲक्सेस’ ही सेवा घेतली आहे.

पत्ता कोठून येतो?

कार्यालयातील संगणक आपला पत्ता डीएचसीपी सर्व्हरकडून स्वतः मागून घेतात. या पद्धतीचे नियम १९९७ च्या मार्चमध्ये आरएफसी २१३१ या दस्तऐवजात प्रसिद्ध झाले. दूरस्थ संगणकाची गोष्ट मात्र निराळी आहे. त्याच्यासाठी डीएचसीपीकडे मागणी करतो तो प्रवेश-सर्व्हर. सेवा सुरू होताच तो सामान्यतः दहा पत्ते एकदम मागून घेतो, त्यांतील पहिला स्वतःकडे ठेवतो आणि उरलेले नऊ येणाऱ्यांना देतो. ते संपले म्हणजे आणखी दहा मागतो. डीएचसीपी सर्व्हर हा कोठारासारखा मानला, तर प्रवेश-सर्व्हर हा तेथून घाऊक माल आणणारा दुकानदार होय. दूरस्थ संगणकाचा कोठाराशी प्रत्यक्ष व्यवहार नसतो. म्हणून त्या संगणकावर पत्ता पुन्हा मागण्याची आज्ञा कितीही वेळा दिली तरी हा दोष जात नाही.

फसवे लक्षण

सेवा सुरू होताना डीएचसीपी सर्व्हर सापडला नाही, तर प्रवेश-सर्व्हर थांबून राहत नाही. तो १६९.२५४ या अंकांनी सुरू होणारे पत्ते वाटू लागतो. हे पत्ते एकाच तारेवरील यंत्रांपुरते राखून ठेवलेले असून राऊटरने ते पुढे पाठवू नयेत असा नियम आहे. परिणामी दूरच्या माणसाच्या पडद्यावर ‘जोडणी झाली’ असे दिसते, संकेतशब्दही मान्य झालेला असतो. पण कार्यालयातील एकही फाईल उघडत नाही. तो बिचारा संकेतशब्द बदलतो, तार तपासतो, आणि दिवस वाया जातो. खरे कारण प्रवेश-सर्व्हरच्या घटना-नोंदीत २०१६९ या क्रमांकाखाली लिहिलेले असते: डीएचसीपी सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही. म्हणून सर्वप्रथम मिळालेला पत्ता वाचावा.

कारणांचा शोध

यानंतर प्रवेश-सर्व्हर ज्या तारेवर आहे, त्याच तारेवरील दुसऱ्या एखाद्या संगणकाला नव्याने पत्ता मागावयास लावावे. त्यालाही तो मिळाला नाही, तर दोष डीएचसीपीच्या बाजूस आहे. सेवा बंद असेल. किंवा ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या क्षेत्रात त्या सर्व्हरला अधिकृत मान्यता दिलेली नसेल. डीएचसीपी सर्व्हर राऊटरच्या पलीकडे असेल, तर सर्वांना उद्देशून केलेली हाक राऊटर ओलांडत नाही; ती पुढे पोहोचविणारा मध्यस्थ, म्हणजे रिले एजंट, नेमावा लागतो.

दुसऱ्या संगणकाला पत्ता मिळाला, तर संशय प्रवेश-सर्व्हरवर जातो. त्याला बहुधा दोन नेटवर्क कार्डे असतात: एक इंटरनेटकडे व एक कार्यालयाकडे. कोणत्या कार्डावरून पत्ते मागावेत हे ठरविण्याचे काम सेवेवरच सोपविले असेल, तर ती बाहेरचे कार्ड निवडू शकते. तेथे डीएचसीपी सर्व्हर नसतोच. अशा वेळी सेवेच्या गुणधर्मांत कार्यालयाकडील कार्ड स्पष्टपणे नेमून द्यावे. ६७ व ६८ या क्रमांकांच्या यूडीपी पोर्टांवरील वाहतूक एखाद्या फायरवॉलने अडविली आहे काय, हेही पाहावे. वीज जाऊन आल्यावर सर्व यंत्रे एकदम सुरू झाली, तर प्रवेश-सर्व्हर आधी जागा होऊन डीएचसीपी मागाहून तयार होणे शक्य असते.

तिसरे कारण साठा संपण्याचे. समजा, १९२.१६८.१०.१०० पासून १९२.१६८.१०.१४९ पर्यंत पन्नास पत्ते वाटपासाठी ठेवले आहेत. कार्यालयातील चाळीस संगणकांनी चाळीस घेतले, प्रवेश-सर्व्हरने दहा घेतले. नऊ दूरस्थ माणसांचे काम सुरळीत चालेल. दहावा आला की सर्व्हर आणखी दहा मागेल आणि कोठार रिकामे असेल. सकाळी नसणारा व दुपारी उद्भवणारा दोष पुष्कळदा या जातीचा असतो. पत्त्यांची मर्यादा वाढविणे हाच येथे उपाय.

उपाय व खबरदारी

कारण दूर केल्यावर प्रवेश-सेवा बंद करून पुन्हा सुरू करावी, म्हणजे ती नव्याने पत्ते मागेल. मात्र सेवा बंद होताच जोडलेल्या सर्वांची जोडणी तुटते. म्हणून तशी पूर्वसूचना द्यावी.

डीएचसीपीवर अवलंबून राहावयाचे नसेल, तर प्रवेश-सर्व्हरला पत्त्यांचा कायम साठा नेमून देता येतो. तो कार्यालयाच्याच पत्त्यांतून काढला असल्यास डीएचसीपीच्या यादीतून वगळावयास हवा, नाहीतर एकच पत्ता दोघांना मिळेल. साठा वेगळ्या पत्त्यांचा असल्यास तिकडे जाणारा मार्ग राऊटरवर नोंदवावा लागतो; ते राहून गेले, तर मजकूर जातो पण उत्तर परत येत नाही.

क्वचित पत्ता योग्य असतो, अंकांनी यंत्र सापडते, पण नावाने सापडत नाही. हा वाटपाचा दोष नव्हे. नावे उलगडणाऱ्या डीएनएस सर्व्हरची माहिती दूरस्थ संगणकापर्यंत पोहोचलेली नसते. प्रवेश-सर्व्हरवर रिले एजंट नीट बसविला आहे की नाही, ते येथे तपासावे.

सारांश, आधी पत्ता वाचावा, मग नोंद पाहावी, आणि त्यानंतरच एका वेळी एकच बदल करावा. एकदम चार बदल केल्याने दोष गेला, तरी तो कशामुळे गेला हे कळत नाही; आणि तो पुन्हा आला म्हणजे शोध पहिल्यापासून करावा लागतो.