परमुलुखांत भांडवल कोठून मिळतें?

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं सायंकाळीं नववीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्याचे वडील माझ्याकडे आले. तेलंगणांतील महबूबनगर जिल्ह्यांतून अकरा वर्षांपूर्वीं ते गवंडीकामासाठीं या गांवीं आले व पुढें स्वतः लहान बांधकामांचीं कंत्राटें घेऊं लागले. मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला त्यांना हवा होता. कारण विचारतां त्यांनीं खिशांतून सावकाराच्या हिशेबाचा कागद काढून माझ्यापुढें ठेवला. मुलाला आतां कामावर घ्यावें, म्हणजे एका मजुराची मजुरी वांचेल, असा त्यांचा बेत होता.

विद्यार्थिमित्रहो, त्या कागदावरील गणित तुम्हांपैकीं कोणालाही सोडवितां येईल. चार लाख रुपयांचें काम होतें व त्यांत चाळीस हजार रुपये नफा सुटेल असा अंदाज होता. सिमेंट, लोखंड व मजुरी यांसाठीं एक लाख रुपये दरमहा शेकडा पांच व्याजानें काढले. "शेकडा पांच" हा आंकडा कानाला किती लहान लागतो! परंतु तो दरमहाचा आहे. वर्षाचा हिशेब केला तर शेकडा साठ होतो. बिलाचे पैसे हातीं पडावयास सात महिने लागले. सात महिन्यांचें व्याज पस्तीस हजार. सर्व कुटुंबाच्या सात महिन्यांच्या कष्टांचा मोबदला पांच हजार रुपये उरला. तेच एक लाख सालीना शेकडा बारा दरानें मिळाले असते, तर व्याज सात हजारच झालें असतें.

कोणी म्हणेल, कीं कर्ज काढलेंच कशाला? कंत्राटदाराच्या धंद्याची रचनाच अशी आहे, कीं त्याला पैसे काम झाल्यावर मिळतात आणि मजुराला मात्र दर आठवड्याच्या बाजारापूर्वीं द्यावे लागतात. शिवाय निविदेबरोबर बयाणा भरावयाचा, आणि प्रत्येक बिलांतून कांहीं रक्कम अनामत म्हणून कापली जावयाची, ती काम पुरें होऊन ठरलेली मुदत उलटल्यावर परत मिळावयाची. म्हणजे जितकें काम अधिक, तितका पैसा अधिक अडकतो. चांगला कारागीर कामाच्या अभावीं बुडत नाहीं. पुष्कळदां तो काम मिळाल्यामुळें बुडतो. गांवचा मनुष्य असेल तर भावाकडून, मामाकडून, ओळखीच्या दुकानदाराकडून वेळ निभावून नेतो. बाहेरून आलेल्यास ती सोय नसते. गांवांत पैसा असतो. पण त्याला ओळखणारा कोणी नसतो.

ही अडचण जुनी आहे. अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को शहरीं नॉर्थ बीच नांवाच्या भागांत इटलीहून आलेल्या लोकांची वस्ती होती. त्यांत कोळी, भाजीवाले, पाववाले, लहान दुकानदार असे लोक होते. अशा माणसांस थोडक्या रकमेचें कर्ज देण्यांत मोठ्या बँकांना गोडी नव्हती. इटालियन आईबापांच्या पोटीं कॅलिफोर्नियांत १८७० सालीं जन्मलेले अमॅदिओ जियानिनी यांचें तारुण्य भाजीपाल्याच्या आडतींत गेलें होतें. पहाटे मालाच्या बोली लागत, शेतकऱ्यांस उचल दिली जाई. अशा व्यवहारांत माणसें पारखण्याची त्यांना संवय झाली होती. त्यांनीं १७ ऑक्टोबर १९०४ रोजीं त्याच वस्तींत 'बँक ऑफ इटली' उघडली. जागा पूर्वींच्या एका दारूच्या गुत्त्याची होती.

पुढें १८ एप्रिल १९०६ रोजीं तेथें भयंकर भूकंप झाला व मागोमाग आग लागली. जियानिनींनीं बँकेंतील सुमारें ८०,००० डॉलर भाजीच्या गाड्यांत घालून, वर फळांच्या पेट्या रचून, शहराबाहेर आपल्या घरीं नेले. इतर बँकांच्या तिजोऱ्या आगीनें इतक्या तापल्या होत्या, कीं त्या कित्येक दिवस उघडतां येईनात. यांनीं मात्र धक्क्यावर दोन पिंपांवर एक फळी टाकून कर्ज देण्यास आरंभ केला. नुसत्या तोंडाकडे पाहून त्यांनीं पैसे दिले, असें लोक सांगतात. मला तें अर्धेंच खरें वाटतें. तें तोंड ते कित्येक वर्षें पाहत आले होते. कोणाची बोट कोणती, कोणाचें दुकान कोणत्या कोपऱ्यावर, हें त्यांना ठाऊक होतें. वहींत नसलेली ही माहिती हेंच त्यांचें तारण होतें. या बँकेलाच १९३० सालीं 'बँक ऑफ अमेरिका' हें नांव मिळालें.

आपल्याकडेही परगांवीं गेलेल्या लोकांनीं ही वाट शोधली होती. बडोद्यांत विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकारानें १८८९ सालीं 'अन्योन्य सहकारी मंडळी' निघाली. कानडा जिल्ह्यांतून मुंबईस आलेल्या सारस्वतांसाठीं श्रीपाद सुब्राव तालमकी यांनीं १९०६ सालीं आपल्या गुरूंच्या नांवें 'शामराव विठ्ठल' पतपेढी काढली. सहकारी पतपेढ्यांचा कायदा १९०४ सालीं झाला होता, त्याचा त्यांनीं लाभ घेतला. एकट्या परक्याला जें मिळत नाहीं, तें एकमेकांना ओळखणाऱ्या दहा परक्यांना मिळूं शकतें. भिशीचें तत्त्वही तेंच. दहा जणांनीं दरमहा हजार रुपये काढले, तर दर महिन्यास एकाच्या हातीं दहा हजार पडतात. मात्र पहिल्याच महिन्यांत रक्कम उचलून जो गांव सोडतो, त्याला गांठणें कठीण. म्हणून भिशींत बसण्यापूर्वीं इतर नऊ जण कोण आहेत हें पाहावें.

आतां आपल्या गृहस्थांकडे वळूं. त्यांना घेऊन मी येथील एका सहकारी बँकेंत गेलों. शाखाधिकाऱ्यांनीं कागदपत्र मागितले, तेव्हां ते म्हणाले, "साहेब, अकरा वर्षें इथें आहे. कोणालाही विचारा." अधिकारी सज्जन होते, ते म्हणाले, "मी विचारीनही, पण 'कोणालाही' हें नांव अर्जावर कसें लिहूं?" हें उत्तर मला प्रथम कठोर वाटलें, परंतु त्यांत चूक नव्हती. अकरा वर्षें सर्व व्यवहार रोखीनें झालेला. भाड्याच्या घराचा करारनामा नाहीं. पुऱ्या केलेल्या कामाचा एकही दाखला जपलेला नाहीं. त्यांनीं बांधलेल्या भिंती गांवभर उभ्या होत्या, आणि कागदावर त्यांचा पत्ता नव्हता.

त्या दिवशीं कर्ज मिळालें नाहीं. पिग्मी खातें मात्र उघडलें. ही पद्धति उडुपीस १९२५ सालीं स्थापन झालेल्या बँकेनें, जी पुढें 'सिंडिकेट बँक' म्हणून ओळखली गेली, तिनें १९२८ सालीं सुरू केली. बँकेचा माणूस दारोदार जाऊन दोन आणेसुद्धां गोळा करी. रोज शंभर रुपये भरणारा मनुष्य वर्षाच्या शेवटीं साडेछत्तीस हजारांचा धनी होतो, हें तर आहेच. परंतु तीनशें पांसष्ट दिवस त्याचा शब्द खरा ठरल्याची लेखी साक्षही त्याच्याजवळ राहते. बँकेला हवी असते ती हीच साक्ष. रस्त्यावरील विक्रेत्यांसाठीं २०२० सालीं निघालेल्या स्वनिधि योजनेंतही आरंभीं हाच क्रम ठेवला होता: प्रथम दहा हजार, तें फेडल्यावर वीस हजार, मग पन्नास हजार. उद्यम नोंदणीही याच वर्षीं सुरू झाली. तिला शुल्क पडत नाहीं, म्हणून ती करून देतों म्हणून पैसे मागणाऱ्यास दारांत उभें करूं नये. लहान धंद्यास तारणावांचून कर्ज देणारी मुद्रा योजना २०१५ पासूनची आहे. तिच्या अगदीं खालच्या वर्गांत पन्नास हजारांपर्यंत रक्कम मिळते.

सावकाराविषयींही दोन शब्द सांगणें भाग आहे. महाराष्ट्रांत २०१४ च्या कायद्यानें परवान्यावांचून सावकारी करणें हा गुन्हा ठरला आहे, आणि परवानाधारकाच्या व्याजाची मर्यादा सरकार ठरवितें. तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करावयाची. हें मीं त्यांना सांगितलें. ते बराच वेळ गप्प बसले, आणि मग म्हणाले, "गुरुजी, वाळूही तोच देतो." त्यांनीं तक्रार केली नाहीं, आणि मलाही पुन्हां आग्रह करवला नाहीं.

दाखला त्यांनीं नेला नाहीं. मुलगा आतां दहावींत आहे, आणि रोज रात्रीं मजुरांचा हजेरीपट व खर्चाची वही तोच लिहितो. मार्च महिन्यांत त्या पिग्मी खात्यावर चाळीस हजारांचें कर्ज मंजूर झालें. सावकाराचे अजून बावीस हजार देणें आहे.