सायकल थांबवावी कशी? (क्लिपलेस पेडल वापरणाऱ्यांसाठी एक पाठ)



मज्झिम निकायातील अंगुलिमालाची कथा आपल्या विहारात येणाऱ्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. शस्त्र घेतलेला अंगुलिमाल जीव तोडून धावत होता आणि तथागत संथ पावलांनी चालत होते, तरीही त्याला ते गाठता येईनात. त्याने ओरडून थांबायला सांगितले, तेव्हा तथागतांनी उत्तर दिले की आपण केव्हाच थांबलो आहोत, थांबायचे आहे ते त्यालाच. या कथेचा अर्थ फार मोठा आहे आणि तो सांगण्याचा अधिकार भन्तेजींचा आहे. आम्ही येथे त्यातील एवढीच गोष्ट घेतो की थांबणे हे आधी मनात घडते आणि नंतर पायात. सायकलच्या बाबतीत हे अक्षरशः खरे आहे, हे आम्हाला एका चुकीतून शिकावे लागले.

हा पाठ का लिहावा लागला

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. त्या दिवसाच्या स्मरणार्थ नाशिकहून येवल्याच्या मुक्तिभूमीपर्यंत सायकलने जावे, असे आमच्या तरुणांनी ठरवले. निफाड, विंचूरमार्गे हे अंतर सुमारे ८० किलोमीटर होते. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिकेतील सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघाने पूर्ण केली. त्यामुळे सायकल हे केवळ गरिबाचे वाहन नाही, हे आपल्या मुलांना वेगळे सांगावे लागत नाही.

आमच्या गटातील एका विद्यार्थ्याने शिकवणीचे पैसे साठवून जुनी रेसिंग सायकल घेतली. तिला क्लिपलेस पेडल होते व सोबत बूटही मिळाले. त्याने आम्हाला विचारले, “सर, याची आधी प्रॅक्टिस करावी लागेल का?” आम्ही म्हणालो, “चल रे, रस्त्यावर आपोआप जमेल.” पहिल्याच रविवारी आम्ही त्याला हमरस्त्यावर नेले. सिग्नलला तो थांबला, डावा पाय त्याने सोडवलाही, परंतु सायकल उजवीकडे कलली. उजवा पाय पेडलला जखडलेला होता. तो उभ्याचा आडवा झाला, तोही रस्त्याच्या मधल्या बाजूला. मागून येणाऱ्या बसच्या चालकाने करकचून ब्रेक दाबला आणि बस त्याच्या डोक्यापासून दोन हातांवर उभी राहिली.

कोपर खरचटण्यापलीकडे त्याला काही झाले नाही. पण पुढचे दोन रविवार तो आला नाही. आम्ही घरी गेलो तेव्हा त्याच्या आईने विचारले, “सर, माझा मुलगा पाचवीपासून सायकल चालवतो. मग उभ्या जागी पडला कसा?” त्या माउलीला देण्याजोगे उत्तर त्या दिवशी आमच्यापाशी नव्हते. प्रस्तुत पाठ हे ते उत्तर आहे. चूक त्या मुलाची नव्हती. न शिकवता रस्त्यावर नेणाऱ्या आमची होती.

साधनाची ओळख

पूर्वी शर्यतीचे सायकलपटू पेडलवर पिंजऱ्यासारखी टो क्लिप लावून पट्ट्याने पाय आवळत असत. पुढे फ्रान्सच्या ‘लूक’ कंपनीने बर्फावर घसरण्याच्या स्कीला बूट अडकवतात त्या युक्तीवरून नवे पेडल तयार केले व १९८४ साली बाजारात आणले. १९८५ साली बर्नार्ड इनो यांनी हेच पेडल वापरून ‘टूर द फ्रान्स’ ही शर्यत जिंकली. १९९० मध्ये जपानच्या ‘शिमानो’ कंपनीने एसपीडी नावाची पद्धत आणली. यात बुटाच्या तळव्याच्या खाचेत लहानशी पोलादी पट्टी दोन स्क्रूंनी बसवलेली असते. तिला क्लीट म्हणतात. टो क्लिप गेली म्हणून पेडल ‘क्लिपलेस’. पाय मात्र पूर्वीसारखाच अडकलेला असतो. या नावामुळे नवख्याची फसगत होते.

क्लीटचे पुढचे टोक पेडलच्या खोबणीत घालून चवडा दाबला की ‘खट्’ असा आवाज होतो आणि मागची स्प्रिंगची कड क्लीट पकडते. सोडवण्यासाठी टाच बाहेरच्या बाजूला, म्हणजे सायकलपासून दूर, वळवावी लागते. पाय वर ओढून तो सुटत नाही.

रस्त्यावरच्या शर्यतीचे क्लीट मोठे, तीन स्क्रूंचे आणि तळव्याबाहेर आलेले असतात. ते घालून चालताना घसरायला होते. शिकाऊ माणसाने दोन स्क्रूंचे क्लीट आणि दोन्ही बाजूंनी अडकणारे पेडल घ्यावे. एका बाजूला साधे व दुसऱ्या बाजूला अडकणारे असेही पेडल मिळते. शहरात ते सोयीचे पडते.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. शाळा-कॉलेजला किंवा कामावर जाण्यासाठी या पेडलची काहीही गरज नाही. साध्या पेडलवरही येवल्याला जाता येते. दुसऱ्याच्या पायात आहे म्हणून कोणी उधारी करून हे बूट घेऊ नयेत.

उभ्या जागी माणूस का पडतो

चालती सायकल कलली की आपण नकळत हँडल त्याच बाजूला किंचित वळवतो, चाके शरीराखाली येतात आणि तोल सावरतो. वेग संपत आला की ही सोय संपते. मग जमिनीवर टेकलेला पाय हाच एक आधार उरतो. साध्या पेडलवर वर्षानुवर्षे आपल्याला पाय उचलून बाजूला टेकवण्याची सवय झालेली असते. घाबरल्यावर शरीर तीच सवय वापरते, म्हणजे पाय वर ओढते. क्लीट सुटत नाही आणि माणूस पडतो. म्हणून येथे नवी युक्ती शिकण्यापेक्षा जुनी सवय बदलणे अधिक अवघड आहे. ती सवय सांगून बदलत नाही, पुन्हा पुन्हा करूनच बदलते.

निघण्यापूर्वीची तपासणी

एक : क्लीटचे दोन्ही स्क्रू घट्ट आहेत ना, ते पाहावे. एक जरी स्क्रू ढिला झाला तर टाच वळवताना बूट फिरतो, क्लीट मात्र पेडलमध्ये तशीच राहते. अशा वेळी कितीही सराव असला तरी पाय सुटत नाही.

दोन : क्लीटमध्ये चिखल किंवा खडी अडकली असल्यास काडीने काढावी.

तीन : स्प्रिंगचा ताण पाहावा. एसपीडी पेडलवर त्यासाठी लहान स्क्रू असतो. ३ मिलिमीटरच्या ॲलन कीने तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवला की ताण कमी होतो. दोन्ही बाजूंनी अडकणाऱ्या जोडीला असे एकूण चार स्क्रू असतात. चारही सारखे ठेवावेत. शिकताना ताण सर्वांत कमी ठेवावा. सोण भिक्खूला तथागतांनी वीणेच्या तारांचा दाखला दिला होता : तार फार ताणली तरी सूर लागत नाही आणि फार सैल सोडली तरी लागत नाही. सराव झाल्यावर पाय आपोआप निसटू लागला, तर ताण थोडा वाढवावा.

चार : दोन्ही ब्रेक दाबून पाहावेत. कोणता दांडा पुढच्या चाकाचा आहे, हे प्रत्येक सायकलवर तपासावे, विशेषतः जुनी सायकल घेतली असेल तर.

पाठ पहिला : भिंतीशी

सायकल भिंतीजवळ उभी करून सीटवर बसावे व एका हाताने भिंत धरावी. डावा पाय अडकवावा, पेडल खाली आणावे, टाच बाहेर वळवून सोडवावा. असे ३० वेळा करावे. मग सायकल वळवून उजवा पाय ३० वेळा. खाली न पाहता करता येऊ लागले की हा पाठ झाला असे समजावे. पहिला दिवस एवढ्यावरच संपवावा.

पाठ दुसरा : गवताच्या मैदानावर

आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, म्हणून थांबताना डावा पाय टेकवण्याची सवय लावावी. मग तोल गेलाच तर तो रहदारीपासून दूर, कडेच्या बाजूला जाईल. थांबण्याचा क्रम असा :

१. थांबायचे, हे मनाशी आधीच ठरवावे. कोणी विचारले तर ‘मी त्या झाडापाशी थांबणार आहे’ असे सांगता आले पाहिजे.

२. हलका गिअर टाकावा, म्हणजे पुन्हा निघताना जोर पडत नाही.

३. सायकल चालती असतानाच डावे पेडल सर्वांत खाली आणून टाच बाहेर वळवावी व पाय सोडवावा. सुटलेला पाय पेडलवर नुसता ठेवावा.

४. पेडल अर्धा फेरा फिरवून उजवे पेडल खाली आणावे. त्यावर भार देऊन सीटवरून पुढे उतरावे.

५. दोन्ही ब्रेक मिळून हळूहळू दाबावेत. अगदी शेवटच्या क्षणी हँडल केसभर उजवीकडे वळवावे. त्यामुळे सायकल डावीकडे कलते.

६. डावा पाय जमिनीवर पूर्ण टेकवावा. उजवा पाय निवांतपणे नंतर सोडवावा.

आमच्या विद्यार्थ्याने तिसरी पायरी केली होती. पाचवी कोणी त्याला सांगितलीच नव्हती. सायकल कोणत्या बाजूला कलेल हे त्याने नशिबावर सोडले, आणि ती नको त्या बाजूला गेली.

मैदानावर हा क्रम ५० वेळा करावा. नंतर सोबत्याने मध्येच “थांब!” म्हणून हाक द्यावी आणि आपण थांबावे. पडणारच असे वाटले तर हात लांब करून जमीन धरायला जाऊ नये. मनगट किंवा गळपट्टीचे हाड मोडते ते अशानेच. हँडल धरून कुशीवर पडावे. हेल्मेट मैदानावरही घालावे.

पाठ तिसरा : अंतराचा हिशेब

विद्यार्थ्यांनी हे गणित वहीत सोडवावे. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत १ सेकंद जातो असे धरू. कोरड्या रस्त्यावर ब्रेकने दर सेकंदाला वेग २.५ मीटर प्रति सेकंद इतका कमी होतो असे मानू.

ताशी १८ किलोमीटर वेगाने (सेकंदाला ५ मीटर) : ५ + ५ = १० मीटर.
ताशी २७ किलोमीटर वेगाने (सेकंदाला ७.५ मीटर) : ७.५ + ११.२५ = सुमारे १९ मीटर.
ताशी ३६ किलोमीटर वेगाने (सेकंदाला १० मीटर) : १० + २० = ३० मीटर.

वेग दुप्पट झाला की ब्रेकचे अंतर ५ वरून २० मीटर, म्हणजे चौपट होते. पाऊस असेल तर रिम ओली होऊन ब्रेक उशिरा धरतो, तेव्हा याहूनही जास्त अंतर राखावे.

ब्रेक दाबताना शरीराचा भार पुढच्या चाकावर येतो. म्हणून पुढचा ब्रेक अधिक काम करतो, आणि तोच एकदम आवळला तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. कंबर मागे न्यावी, हात ताठ धरावेत आणि दाब वाढवत न्यावा. अचानक कोणी आडवे आले, तर आधी ब्रेक, मग पाय. ब्रेक लागत असतानाच टाच वळवण्याचा सराव मैदानावर करून ठेवावा.

पाठ चौथा : रस्त्यावर

सिग्नल, गतिरोधक, शाळा, बाजार, कांद्याच्या ट्रॉल्या वळतात ते फाटे, अशा ठिकाणी २०-३० मीटर आधीच डावा पाय सोडवावा. गर्दीत दोन्ही पाय सोडवून चालवले तरी कमीपणा नाही. चढावर वेग पटकन मरतो, तिथे आणखी आधी सोडवावा. कडेची माती भुसभुशीत किंवा रस्त्यापेक्षा खाली असेल तर तिथे पाय टेकवू नये. परतीच्या वाटेवर थकवा आलेला असतो आणि मन घरी पोहोचलेले असते. तेव्हा प्रत्येक थांब्याआधी ‘डावा सुटला’ असे मोठ्याने म्हणावे. सोबत्यांनाही त्याचा उपयोग होतो.

चालताना चालण्याचे, थांबताना थांबण्याचे भान असावे, अशी शिकवण सतिपट्ठान सुत्तात आहे. ती केवळ ध्यानाच्या आसनावर बसून पाळायची नाही. जो रस्त्यावर भान ठेवतो तो स्वतःला वाचवतो आणि मागच्या बसचालकालाही आयुष्यभराच्या दुःखातून वाचवतो.

तो विद्यार्थी पुन्हा आला. भिंतीशी ३० वेळा, मैदानावर ५० वेळा, हे सगळे आम्ही त्याच्या बरोबरीने केले, कारण आमचीही सवय कच्चीच होती. १३ ऑक्टोबरला तो येवल्यापर्यंत आला. मुक्तिभूमीच्या फाटकाशी त्याने डावा पाय सोडवला, सायकल डावीकडे कलवली, पाय टेकवला. आमच्याकडे पाहून तो एवढेच म्हणाला, “सर, आता आईला सांगा.”

स्वाध्याय

१. क्लीटचा एक स्क्रू ढिला असल्यास टाच वळवूनही पाय का सुटत नाही, ते सांगा.
२. ताशी २२.५ किलोमीटर वेगासाठी थांबण्याचे एकूण अंतर वरील रीतीने काढा.
३. आपल्या घरापासून शाळेपर्यंत किती ठिकाणी आधीच पाय सोडवावा लागेल, त्याची यादी करा.
४. आपल्या गटातील नवख्या सोबत्याला पहिला पाठ स्वतः शिकवा. त्याला हसू नका व घाई करू नका.

जयभीम! नमो बुद्धाय!