एआय : दुकानातला नवा कारकून आणि त्याची तपासणी

२०२५ च्या नोव्हेंबरात माझे साडेसहा हजार रुपये गेले. रक्कम फार मोठी नाही. पण ती ज्या रीतीने गेली ती रीत समजून घेण्यासारखी आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

कराडच्या एका बँड पथकाला ४० शेरवान्या हव्या होत्या. दर नगाला ३,२०० रुपये ठरला, कर वेगळा. पथकाचे मालक समोर बसलेले, चहा आलेला. त्यांनी विचारले, करासह एकच आकडा सांगा. मी मोबाईलवरच्या एआयला विचारले की तीन हजार दोनशेच्या शेरवानीला जीएसटी किती? क्षणात उत्तर आले : एक हजार रुपयांवरील तयार कपड्यांना १२ टक्के. मी १,४३,३६० रुपयांचा आकडा सांगितला आणि शब्द दिला.

बिल करताना आमच्या करसल्लागारांनी कपाळाला हात लावला. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले आहेत. नगाला २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर ५ टक्के आणि त्यावरच्या कपड्यांवर १८ टक्के. हजार रुपयांची आणि १२ टक्क्यांची जुनी रेघ उरलेली नाही. दिलेला शब्द फिरवता येत नव्हता. त्याच १,४३,३६० रुपयांतून १८ टक्क्यांचा कर काढला तेव्हा मालाचे १,२८,००० ऐवजी सुमारे १,२१,५०० रुपये हाती राहिले.

चूक माझी होती हे आधी कबूल करतो. दर बदलल्याची बातमी मीही वाचली होती. पण यंत्राचे उत्तर इतके ठाम होते की मला माझ्याच आठवणीची शंका आली. यंत्र असे का बोलते हे आता पाहू.

आपल्याकडे लग्नाचा बस्ता बांधायला घर येते तेव्हा जुना सेल्समन काय करतो? नवरीचा शालू पसंत झाला की तो न विचारता करवलीच्या साड्या काढायला लागतो, मग सासूची, मग आहेराची टोपी-टॉवेल. त्याने हजार बस्ते पाहिलेले असतात, पुढे काय मागितले जाईल याचा अंदाज त्याच्या हातात बसलेला असतो. एआयचे काम ढोबळमानाने असेच चालते. त्याला अफाट मजकूर वाचायला दिलेला असतो आणि या शब्दापुढे कोणता शब्द येण्याचा संभव जास्त आहे, याचा अंदाज करीत ते वाक्य पुरे करते. हजार रुपयांवर १२ टक्के, हे वाक्य त्याने असंख्य ठिकाणी वाचलेले. नवा नियम त्याचे वाचन संपल्यानंतरचा. काही एआय उत्तर देण्यापूर्वी इंटरनेटवर ताजी माहिती शोधतात, काही शोधत नाहीत आणि उत्तराच्या सुरावरून आपल्याला फरक कळत नाही. आमचा सेल्समन निदान डोके खाजवून म्हणतो, शेठ, नक्की आठवत नाही.

ही फजिती फक्त माझ्यासारख्या दुकानदाराची होते असे नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकर खात्याचा एक आदेश रद्द करून फेरनिर्णयासाठी परत पाठवला. एका कंपनीने सुमारे ३ कोटींचे उत्पन्न दाखवले होते, ते अधिकाऱ्याने सुमारे २८ कोटी ठरवले होते आणि आधाराला जे तीन निवाडे दिले होते ते अस्तित्वातच नव्हते. एआयच्या या काळात यंत्राने दिलेले निकाल डोळे झाकून वापरू नयेत, पडताळून घ्यावेत, असे न्यायालयाने बजावले. म्हणजे आपल्याला नोटीस आली तर त्यातला निवाडाही आपल्या वकिलाने एकदा शोधून पाहिलेला बरा.

आता दुसरी बाजू. माझे शिक्षण उर्दू माध्यमातले. मराठी बोलणे बाजारात शिकलो, पण मराठीत पत्र लिहायचे म्हटले की तीस वर्षे मी कुणाच्या तरी दारात बसलो. सुरतेच्या व्यापाऱ्याला इंग्रजीत तक्रार लिहायची तर चिरंजीवांची सुट्टी बघायची. आज मी उर्दूत सांगतो आणि यंत्र मराठी किंवा इंग्रजी पत्र करून देते. सरकारनेही जुलै २०२२ मध्ये ‘भाषिणी’ हा भारतीय भाषांच्या भाषांतराचा उपक्रम सुरू केला, त्यात मराठी आणि उर्दू दोन्ही आहेत. आपल्या पिढीतल्या माणसाला ही सोय किती मोठी आहे हे ज्याने अर्ज लिहून घेण्यासाठी पैसे मोजले त्यालाच कळेल. मात्र एकदा इचलकरंजीच्या व्यापाऱ्याला ‘दहा थान पाठवा’ असे सांगितले, तर मराठी पत्रात ‘दहा ठिकाणी पाठवा’ झाले. मराठीत आपण तागा म्हणतो, हे यंत्राला ठाऊक नसावे. मी पत्र वाचले म्हणून वाचलो.

मिरजेचा माझा एक मित्र सतारी करतो. तिथली ही कारागिरी हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी उभी केली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून परदेशातून चौकशी वाढली. मित्राने एआयकडून इंग्रजीत माहितीपत्रक करून घेतले. भाषा झकास, पण लाकूड सागवानी असे लिहिलेले आणि पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणाऱ्या भोपळ्याचा पत्ताच नाही. मिरजेत सतारीला तुनाचे लाकूड लागते. जाणकार गिऱ्हाइकाने ते पत्रक वाचले असते तर सतार खरी असूनही खोटी ठरली असती. त्याने माहिती स्वतः मराठीत सांगितली, यंत्राला फक्त इंग्रजी करायला लावले आणि मग काम ठीक झाले.

साताऱ्याच्या मोती चौकाजवळच्या एका दुकानदाराला याहून वाईट अनुभव आला. दिवाळीच्या जाहिरातीसाठी त्याने एआयकडून साडीचे चित्र काढून घेतले आणि व्हॉट्सअॅपवर सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवले. चार दिवसांत आठ-दहा बाया तीच साडी मागत आल्या. अशी साडी कुठल्याच मागावर विणलेली नव्हती! पदरावरचे मोर तर असे होते की कोणी विणकर ते विणूच शकला नसता. दुकानदार म्हणाला, ते नुसते चित्र होते. एक बाई म्हणाल्या, मग मी कोरेगावहून एसटीने कशाला आले?

बाईंचे म्हणणे बरोबर होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडात असाच वाद निकालात निघाला. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या संकेतस्थळावर प्रवाशांना उत्तरे देणाऱ्या यंत्राने एका प्रवाशाला सवलतीचा चुकीचा नियम सांगितला. यंत्राच्या बोलण्याची जबाबदारी आमच्यावर नाही, असा बचाव कंपनीने केला. न्यायाधिकरणाने तो मानला नाही आणि प्रवाशाला भरपाई देववली. आपल्याकडेही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल कारवाईची तरतूद आहे. चित्र यंत्राने काढले, ही सबब गल्ल्यावर चालत नाही आणि न्यायालयातही चालणे कठीण.

आता सॉफ्टवेअरकडे येतो, कारण आपल्यापैकी अनेकांची मुले त्या धंद्यात आहेत किंवा जाऊ पाहतात.

माझा भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात आहे. गेल्या उन्हाळ्यात म्हणाला, मामू, तुमच्या दुकानासाठी मालाच्या नोंदीचा प्रोग्राम करून देतो. पूर्वी असा प्रोग्राम करून घ्यायचा म्हणजे संगणकवाल्याला आगाऊ रक्कम द्यायची आणि सहा महिने त्याच्या मागे फिरायचे. भाच्याने एआयला साध्या इंग्रजीत सांगितले, कापडाचे दुकान आहे, मालाची आवक लिही, विक्री वजा कर, शिल्लक दाखव. दोन संध्याकाळी बसला आणि प्रोग्राम चालू! मी चकित झालो. तीन आठवडे सगळे सुरळीत होते.

मग एक दिवस आमचा जुना नोकर म्हणाला, शेठ, संगणक या ब्लाउज पीसच्या ताग्याची शिल्लक शून्य दाखवतो, पण तागा तर फडताळात पडला आहे. काढून मोजला, चार मीटर भरला. दुसरा काढला, त्याचेही तसेच. भाचा रात्री बसला आणि दोष सापडला. ब्लाउज पीस आपण ८० सेंटिमीटरचा देतो. यंत्राने प्रोग्राम लिहिताना मालाची संख्या पूर्णांकातच धरली होती, जणू आपण साबणाच्या वड्या विकतो. त्यामुळे ०.८० चा आकडा सरळ १ होत होता. वीस मीटरच्या ताग्यातून पंचवीस पीस निघतात. विसावा पीस विकला की यंत्राच्या लेखी तागा संपला आणि फडताळात चार मीटर उरले.

यात नशीब असे की माल जास्त निघाला म्हणून नोकराच्या नजरेत आले. चूक उलट्या बाजूला असती, म्हणजे शिल्लक नसताना दाखवली गेली असती, तर आम्ही आधी त्याच नोकराकडे संशयाने पाहिले असते. चौदा वर्षे आमच्याकडे असलेल्या माणसाकडे! हा विचार मला अजून टोचतो.

भाच्याला मी विचारले, तू हे आधी का तपासले नाहीस? तो म्हणाला, मामू, प्रोग्राम चालत होता ना. मला वाटते सगळा पेच इथेच आहे. चालणारा प्रोग्राम आणि बरोबर प्रोग्राम या दोन गोष्टी वेगळ्या. ब्लाउज पीस मीटरच्या अपूर्णांकात कापला जातो हे भाच्याला सांगायला मी विसरलो, कारण मला ते इतके उघड होते. यंत्रानेही विचारले नाही.

मोठ्या कंपन्यांत काय चालले आहे ते थोडक्यात पाहू. गूगलचे प्रमुख सुंदर पिचई यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितले की कंपनीतला पाव हिश्श्याहून अधिक नवा कोड एआय लिहिते आणि मग इंजिनिअर तो तपासून स्वीकारतात. वाक्याचा दुसरा भाग लोक विसरतात. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतल्या मेटर या संस्थेने एक तपासणी प्रसिद्ध केली. १६ अनुभवी प्रोग्रामरना त्यांच्या ओळखीच्या प्रकल्पांतली २४६ कामे दिली, काही एआय घेऊन, काही त्याशिवाय. एआय घेऊन केलेल्या कामांना १९ टक्के वेळ जास्त लागला आणि गंमत अशी की वेळ सुमारे २० टक्के वाचला, अशी त्या प्रोग्रामरची स्वतःची समजूत होती. एवढ्या थोड्या माणसांवरून सगळ्या जगाचा निकाल लावता येत नाही. नवशिक्याला किंवा नव्या कामाला यंत्र खरोखर वेग देते, हे भाच्याच्या दोन संध्याकाळींनी मी पाहिले आहे. पण घाई झाल्यासारखे वाटणे आणि काम लवकर होणे यात अंतर आहे, हे गज हातात धरणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

नोकऱ्यांचे काय, असा प्रश्न आई-बाप विचारतात. त्याच जुलैत टीसीएसने आपल्या मनुष्यबळातून सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांवर माणसे कमी करण्याचे जाहीर केले. कारण एआयने वाचवलेले श्रम हे नसून कौशल्यांचा मेळ न बसणे हे आहे, असे कंपनीने म्हटले. बाप म्हणून मला त्या खुलाशाने फार धीर येत नाही. नुसता कोड टंकून देणाऱ्या मुलाची किंमत उतरते आहे, हे स्पष्ट दिसते. ज्याला हिशेब, जीएसटी, मालाची घट, उधारीची रीत यांतले काही कळते आणि यंत्राचे काम तपासता येते, त्याला जागा आहे. आपली मुले दुकानात वाढली आहेत, पण आपण त्यांना परीक्षेच्या नावाखाली गल्ल्यापासून दूर ठेवतो. सुट्टीत एक महिना त्यांना माल मोजायला बसवावे, असे माझे मत आहे.

आणखी एक गोष्ट, विशेषतः उधारीच्या वहीबद्दल. फुकटच्या एआयमध्ये गिऱ्हाइकांची नावे, मोबाईल क्रमांक आणि येणी टाकून ‘तगाद्याची पत्रे कर’ असे सांगणारे दुकानदार मला माहीत आहेत. कोणाकडे किती बाकी आहे, ही आपल्याकडची अमानत आहे. बाहेरच्या यंत्रात टाकलेला मजकूर कुठे साठतो आणि कशासाठी वापरला जातो, हे बहुतेकांनी वाचलेले नसते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. नाव-नंबर काढून पत्राचा नमुना करून घ्यावा आणि नावे आपल्या हाताने भरावीत. दहा मिनिटे जास्त लागतात, लागू द्यावीत.

आमच्या दुकानात आता अशी पद्धत आहे. कराचा दर जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर किंवा सल्लागारांकडे पाहिल्याशिवाय तोंडातून काढायचा नाही. यंत्राचे पत्र मोठ्याने वाचून मगच पाठवायचे. आणि दर गुरुवारी दुकान बंद करण्यापूर्वी एक फडताळ पूर्ण उतरवून मोजायचे, प्रोग्रामच्या आकड्याशी ताडायचे. मोजायला नोकर, लिहायला भाचा. ब्लाउज पीसचा दोष दुरुस्त केल्यावर परताव्याच्या मालाचा एक दोष असाच गुरुवारी सापडला. गिऱ्हाइकाने परत केलेली साडी दोनदा जमा होत होती.

भाचा मागच्या महिन्यात पुण्याला मुलाखतीला गेला होता. त्याला नवा प्रोग्राम लिहायला सांगितलाच नाही. यंत्राने लिहिलेला एक तयार प्रोग्राम समोर ठेवला आणि त्यातले दोष काढ म्हणाले. पाचपैकी चार त्याने काढले. निकाल अजून यायचा आहे. तोवर गुरुवारी तो येतो.