स्विच पुसला, व्हीलॅन राहिले

नेटवर्कच्या कामात मी बरीच वर्षं काढली, त्यातली बहुतेक कॉलेजांच्या आवारात. तिथे अकाउंट्सचे संगणक, वसतिगृहाचं वायफाय, आयपी फोन आणि कॅमेरे असा सगळा कारभार त्याच स्विचवरून आणि त्याच केबलवरून चालतो. एका वाड्यात चार बिऱ्हाडं नांदावीत तशी ही मंडळी राहतात आणि प्रत्येकाचं दार वेगळं ठेवायचं काम व्हीलॅन करतो. एका स्विचवर व्हीलॅन बनवायला कुणीही तासाभरात शिकतं. तीस-चाळीस स्विचवर तेच व्हीलॅन वर्षानुवर्षं नीट टिकवणं हे खरं काम. या कामात नव्यानं उतरलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहे.

१. आधी तक्ता, मग कमांड

८०२.१क्यू या मानकाप्रमाणे ट्रंकवरून, म्हणजे अनेक व्हीलॅन एकत्र नेणाऱ्या दुव्यावरून, जाणाऱ्या फ्रेमला चार बाइटचा टॅग लागतो आणि त्यातले १२ बिट व्हीलॅनच्या क्रमांकासाठी असतात. म्हणजे ४०९६ आकडे. त्यातला पहिला आणि शेवटचा राखीव, वापरायला उरले १ ते ४०९४. सिस्कोच्या स्विचवर १००२ ते १००५ हे टोकन रिंग आणि एफडीडीआय या जुन्या तंत्रांसाठी अडवलेले दिसतील, त्यांच्या वाटेला जाऊ नका. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की फ्रेमबरोबर फक्त आकडा जातो, नाव जात नाही. एका इमारतीत ३० म्हणजे फोन आणि दुसरीत ३० म्हणजे कॅमेरे असं ठरवलं असेल, तर ट्रंक जोडल्याक्षणी फोन आणि कॅमेरे एकाच घरात येतात. म्हणून तक्ता आधी करा, तो एकच असू द्या आणि तो बदलायचा अधिकार कुणाचा हे त्याच्यावरच लिहा.

२. व्हीटीपी चालू करण्याआधी दहादा विचार करा

प्रत्येक स्विचवर जाऊन व्हीलॅन लिहिण्याचा कंटाळा येतो, म्हणून सिस्कोनं व्हीटीपी आणलं. एका सर्व्हर स्विचवर व्हीलॅन बनवा, ट्रंकवरून तो बाकी सगळ्यांकडे आपोआप पोचतो. दर बदलाला रिव्हिजन क्रमांक एकानं वाढतो आणि ज्याच्याकडे मोठा क्रमांक त्याची यादी खरी, असा त्याचा नियम. हा नियम नीट समजून घ्या. यादी पाठवणारा स्विच नवा की जुना, खरा सर्व्हर की नुसता क्लायंट, हे आवृत्ती १ आणि २ पाहतच नाहीत. डोमेनचं नाव आणि पासवर्ड जुळला, आकडा मोठा निघाला, की आपली यादी टाकून समोरची घेतात.

एका आवारात हे मी डोळ्यांनी पाहिलं. वाचनालयातला स्विच बंद पडला, म्हणून स्टोअरमधून दुसरा काढला. तो पूर्वी त्याच आवारातून प्रयोगशाळेत गेलेला, तिथे मुलांनी सरावासाठी त्याच्यावर शेकडो वेळा व्हीलॅन बनवले आणि पुसले होते. जोडल्यावर थोड्याच वेळात प्रशासकीय इमारतीतले फोन गेले, मग परीक्षा विभाग, मग वसतिगृह. तंत्रज्ञ मुलगा गोंधळून सांगत होता, “सर, स्विच पुसूनच लावलाय. राइट इरेज मारलं होतं.” तो खरंच बोलत होता. पण राइट इरेजनं फक्त स्टार्टअप कॉन्फिगरेशन जातं. व्हीलॅनची यादी, डोमेनचं नाव आणि रिव्हिजन क्रमांक हे फ्लॅशमधल्या व्हीलॅन डॉट डॅट या फाइलमध्ये असतात आणि ती फाइल जशीच्या तशी राहते. नव्या स्विचचा आकडा मोठा होता, त्यामुळे साऱ्या आवारानं त्याचीच यादी घेतली.

दुरुस्ती मात्र फार अवघड नव्हती. व्हीलॅन पुसला गेला तरी पोर्टवरची नेमणूक जात नाही. पोर्ट नुसता निष्क्रिय होतो आणि शो व्हीलॅनच्या यादीतून नाहीसा होतो. तोच क्रमांक परत बनवला की पोर्ट आपोआप जागे होतात. कपाटात तक्ता होता, त्यावरून सर्व्हरवर व्हीलॅन पुन्हा लिहिले आणि एकेक विभाग परत आला. तक्ता नसता तर प्रत्येक मजल्यावर जाऊन कोणत्या पोर्टला काय लागतं ते शोधत बसावं लागलं असतं.

तेव्हापासून माझा दंडक आहे. स्टोअरमधून आलेला स्विच आधी टेबलावर एकटा चालू करायचा, व्हीलॅन डॉट डॅट पुसायची, रीलोड करायचा, ट्रान्सपरंट मोडमध्ये (यात स्विच दुसऱ्याची यादी घेत नाही आणि आपली कुणावर लादत नाही) टाकायचा, शो व्हीटीपी स्टेटसमध्ये रिव्हिजन शून्य दिसतंय ना ते वाचायचं. मगच केबल.

३. व्हीटीपी हवंच असेल तर आवृत्ती ३ घ्या

आवृत्ती ३ मध्ये प्रायमरी सर्व्हर ही कल्पना आली. बदल करण्याचा हक्क त्या एकालाच, आणि तो हक्क माणसाला कमांड देऊन घ्यावा लागतो. १००६ पासून पुढचे व्हीलॅनही ती वाहून नेते, जे जुन्या आवृत्त्यांना जमत नाही. व्हीटीपी पूर्ण बंद करण्याचा पर्यायही तिच्यात आहे.

४. ‘ॲड’ हा शब्द विसरू नका

ट्रंकवर आधीच १०, २०, ३० चालू आहेत आणि ४० हवा आहे. स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड ४० असं लिहिलं तर ४० वाढतो. ॲड गाळलं तर जुनी यादी जाते आणि एकटा ४० उरतो. स्विच काही विचारत नाही, इशाराही देत नाही. तुम्ही त्याच ट्रंकवरून आत शिरला असाल तर तुमचाही संपर्क तुटतो. दुरून काम करताना आधी रीलोड इन १० द्यावं आणि बदलाआधीचं कॉन्फिगरेशन सेव्ह केलेलं असावं. सगळं नीट झालं तर रीलोड कॅन्सल करायचं, नाहीतर दहा मिनिटांनी स्विच आपला आपण जुन्या स्थितीत येतो. एक भर: व्हीटीपीच्या सर्व्हर मोडमध्ये व्हीलॅनची यादी अशी परत येत नाही, कारण ती फ्लॅशमध्ये लगेच लिहिली जाते. ट्रंकच्या आणि पोर्टच्या ओळी परत येतात.

५. नेटिव्ह व्हीलॅन दोन्ही टोकांना एकच

टॅग नसलेली फ्रेम ट्रंकवर आली की ती नेटिव्ह व्हीलॅनमध्ये जाते. एका टोकाला नेटिव्ह १० आणि दुसऱ्या टोकाला २० असेल तर १० ची रहदारी २० मध्ये झिरपू शकते. सीडीपी चालू असेल तर लॉगमध्ये जुळत नसल्याचा संदेश येत राहतो. तो दुर्लक्षून पुढे जाणारे लोक मी पाहिले आहेत. तसं करू नका. नेटिव्हसाठी कुणालाच न दिलेला क्रमांक ठेवा. दुहेरी टॅग लावून दुसऱ्या व्हीलॅनमध्ये घुसण्याचा जो हल्ला आहे, त्याची वाटही त्यानं बंद होते.

६. दूरच्या टोकापासून सुरुवात

मॅनेजमेंटचा व्हीलॅन किंवा नेटिव्ह बदलायचा असेल तर सगळ्यात लांबचा स्विच आधी, जवळचा शेवटी. जवळचा आधी बदलला तर पलीकडे जायचा रस्ताच राहत नाही, मग कन्सोल केबल घेऊन गच्चीवरच्या रॅकपर्यंत चढावं लागतं.

७. ज्या पोर्टवर संगणक आहे, तो ॲक्सेसच

डीटीपीवर विसंबू नका. पोर्टनं समोरच्याशी बोलून ट्रंक व्हायचं की नाही हे ठरवावं, ही मुभाच द्यायला नको. संगणकाचा पोर्ट ॲक्सेस, ट्रंकचा पोर्ट ट्रंक आणि दोन्हीवर नोनिगोशिएट. रिकामे पोर्ट बंद करून एका निरुपयोगी व्हीलॅनमध्ये टाका.

माझं मत विचाराल तर चाळीसपर्यंत स्विच असलेल्या आवारात व्हीटीपीची गरज नाही. सगळे ट्रान्सपरंट ठेवा, व्हीलॅन तक्त्यावरून स्क्रिप्टनं लिहा. ट्रान्सपरंटमध्ये यादी रनिंग कॉन्फिगरेशनमध्येही दिसते, म्हणजे रोजच्या बॅकअपमध्ये ती आपोआप येते. तुमच्याकडे जुनं व्हीटीपी अजून चालू असेल तर आजच प्रत्येक स्विचवर शो व्हीटीपी स्टेटस द्या, मोड, डोमेन आणि रिव्हिजन लिहून घ्या, आणि स्टोअरमधल्या धूळ खात पडलेल्या स्विचनाही त्या यादीत घ्या.